चाल बसवायची म्हणजे चालायचं नाही

बँडवाल्याला आयुष्यभर एकच वाक्य ऐकावं लागतं : "चला, पुढे चला." नवरदेवाचा मामा तेच म्हणतो, वाहतूक पोलीस तेच म्हणतो, आणि मुहूर्त टळतो म्हणून कार्यालयातून धावत आलेला माणूसही तेच म्हणतो. घोडी बिचारी काही बोलत नाही, पण मागून नाकाने ढकलते. मी नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये किलारनेट वाजवत म्हातारा झालो. खरा शब्द क्लॅरिनेट आहे हे मला ठाऊक आहे. पण आमच्या लाइनीत सगळे किलारनेटच म्हणतात, आणि त्या वाद्यानेही कधी हरकत घेतली नाही.

बाहेरच्या माणसाला बँड म्हणजे गोंगाट वाटतो. तसा तो असतोच. पण त्या गोंगाटात कामं वाटून दिलेली असतात. ढोल-ताशे पाय उचलायला लावतात, ट्रंपेट गल्लीतल्या खिडक्या उघडायला लावतं, आणि गाणं म्हणायचं काम किलारनेटचं. वाद्याच्या तोंडाशी एक पातळ पत्ती असते, ती ओठात धरून फुंकायचं. श्वासाचं गणित पायांवर. डावं पाऊल पडलं की श्वास घ्यायचा, उजवं पडलं की सोडायचा. हे मला कोण्या गुरूने नाही, नागपूरच्या रस्त्यांनी शिकवलं. खड्डा आला की सूर हलायचा, आणि लोक म्हणायचे, "मास्तरने काय मुरकी घेतली!"

दुसरं एक शास्त्र आहे. वरातीत नाचणाऱ्याच्या डोक्यावरून कोणी नोट ओवाळू लागलं, की वाजवत वाजवत तिथवर जायचं, झुकायचं, आणि सूर न सोडता दोन बोटांत ती अलगद धरायची. वरच्या काही सुरांना उजवा हात मोकळा असतो, त्याचा हा उपयोग. डोक्यावर काही फडफडलं की पाय आपोआप तिकडे निघतात. मेंदूला विचारत नाहीत. माझ्या बाबतीत विचारून फारसा फायदाही नसतो.

एकदा इतवारीच्या चौकात दोन वराती समोरासमोर आल्या. मी डोळे मिटून वाजवत होतो. डोळे उघडले तेव्हा आजूबाजूला सगळे लाल डगल्यातले. आमचा डगला निळा. शेजारचा ट्रंपेटवाला वाकून म्हणाला, "मास्तर, तुमी कोनाचे गा?"

"नवरदेवाकडचा," मी म्हणालो.

"त्यो त आमीबी नवरदेवाकडलेच हाओ. कोनत्या नवरदेवाकडले?"

आमची वरात तिकडे किलारनेटशिवाय पुढे गेली. एका पाहुण्याने आमच्या मालकाला म्हणे विचारलं, "आज बँड चांगला वाटून राहिला, काही बदल केला का?" मी दुसऱ्यांच्या कार्यालयात जेवून घरी आलो. जेवण आमच्या पार्टीपेक्षा बरं होतं, हे इथे नमूद करतो.

पुढे डीजेच्या गाड्या आल्या आणि आमची बँड पार्टी बंद झाली. डगला भाच्याने नाटकासाठी नेला. किलारनेट मी लोखंडी पेटीत ठेवायला निघालो, तर सुमन, म्हणजे आमची मंडळी, पेटीच्या झाकणावर बसून म्हणाली, "हे पेटीत ठेवाल त माह्या साड्या कुठी ठेवू जी? वाजवा. घरात नका वाजवू, पन वाजवा." आमच्या संसारात कलेला मिळालेला हा सगळ्यात मोठा पाठिंबा.

त्यामुळे एखाद्या लग्नात विदाईच्या वेळी वाजवायला बोलावलं की मी एकटाच जायचो. असाच काटोलला एका कार्यालयात गेलो होतो. मुलगी निघाली, तिची आई रडत होती आणि मी फाटकाशी उभा राहून वाजवत होतो. फाटक ही आमची हद्द. वरात तिथवर आणायची, विदाई तिथून पुढे न्यायची. मधलं लग्न आमच्याशिवाय होतं. वाजवता वाजवता माझा सूर मध्येच मोडला, वर गेला आणि हुंदक्यासारखा तुटून खाली आला. मुलीचा काका ढसाढसा रडला. गाडी गेल्यावर एक तरुण मुलगी माझ्याजवळ आली.

"काका, तो हुंदका तुम्ही कुठे शिकलात?"

मी डोळे मिटून म्हणालो, "गुरूची कृपा."

तिचं नाव मीनल. नवरीची मामेबहीण. मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवायची. म्हणजे ते छातीवर बांधायचं, भात्याचं, बाजाच्या पेटीचं मोठं भावंड. कंपनीने तिला परदेशी पाठवलं होतं, तिथून ती एक वेड घेऊन आली होती. म्हणाली, "काका, मी एक बँड काढतेय. जॅझ आणि क्लेझमर. याल का?"

मी विचारलं, "येईन की. क्लेझमर कोन? नवरीकडचे का नवऱ्याकडचे?"

ती इतकी हसली की तिचा फेटा सुटला. मग कार्यालयाच्या पायरीवर बसून तिने मला सांगितलं. पूर्व युरोपातल्या यहुदी लोकांच्या लग्नांत वाजवणारे वादक असायचे. गावोगाव हिंडायचे, वरातीपुढे चालायचे, पाहुण्यांना नाचवायचे आणि नवरीला रडवायचे. त्यांचं संगीत म्हणजे क्लेझमर. त्यांच्यातही गाणं म्हणणारं मुख्य वाद्य किलारनेटच.

"म्हणजे बँडवालेच ना!"

"बँडवालेच, काका."

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! जगाच्या दुसऱ्या टोकाला कोणी माझ्यासारखाच माणूस बर्फातून चालत होता, आणि त्यालाही कोणाचा तरी मामा म्हणत असणार, चला, पुढे चला.

पहिली तालीम झाली ती मिहानकडच्या रस्त्यावरच्या एका जुन्या शेडमध्ये. तिथे पूर्वी संत्री पेट्यांत भरायचे. वास अजून भिंतीत होता. दोघे आणखी होते. ऑस्टिन सर कामठीचे, शाळेत गणित शिकवणारे. ते माणसाच्या उंचीचं, व्हायोलिनच्या आजोबासारखं डबल बास वाजवायचे आणि अर्थातच मोजून वाजवायचे. दुसरा गुड्डू, कन्हानचा, दिवसा इलेक्ट्रिशियन, संध्याकाळी ड्रम आणि ताशा. मीनलने जॅझ समजावलं : ठरलेली चाल सगळ्यांनी एकदा वाजवायची, मग एकेकाने तिला घेऊन आपल्या मनाने भटकायचं, आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र घरी परत यायचं.

"भटकायला मी पटाईत आहे," मी म्हणालो. "घरी परत यायचीच अडचण. बायकोला विचारा."

ती बायको त्या दिवशी बरोबरच आली होती, मला कोण नवीन लोक भेटलेत ते पाहायला. मीनल म्हणाली, "काका, आधी तो काटोलचा हुंदका काढा."

काढला. निघाला नाही. पुन्हा फुंकलं. बदकाने वाट चुकावी तसा आवाज आला. गुड्डू ताशामागे तोंड लपवून हसत होता. सुमन कोपऱ्यातून म्हणाली, "त्याईले बर्फी खाऊ घाला वं. त्या दिवशी काटोलले वाजवाच्या आधी संत्राबर्फीचे चार तुकडे सोबतच तोंडात टाकले होते, घरी येऊन त्याईनंच सांगतलं मले. तो हुंदका नोयता, उचकी होती."

शेड हसण्याने हलली. गुरुकृपेचं पितळ असं उघडं पडलं. मीनलने डोळे पुसले आणि तिथल्या तिथे बँडचं नाव ठेवलं : 'संत्राबर्फी'. तेव्हापासून सुमन प्रत्येक कार्यक्रमाला बर्फीचा डबा आणते. हुंदक्याची जागा आली की आधी मी एक तुकडा गालात धरतो. कधी उचकी येते, कधी नुसती बर्फी येते.

पण खरी अडचण हुंदक्याची नव्हती. मीनल म्हणाली, "काका, आज ही क्लेझमरची वरातीची चाल बसवून टाकू." मी आज्ञाधारकपणे खुर्ची ओढून बसलो. मी बसलो, चाल बसेना. उभा राहिलो, तरी नाही. श्वास भलत्याच ठिकाणी संपायचा. शेवटी मी वैतागून शेडमध्ये चालायला लागलो आणि कसं कोण जाणे, सूर निघाला. निघाला तो थेट त्या परक्या गावच्या लग्नातच जाऊन थांबला. मीनलचे डोळे चमकले. ऑस्टिन सरांनी मात्र कपाळाला हात लावला. तालमीची रेकॉर्डिंग ऐकली तेव्हा कारण कळलं. किलारनेट आधी जवळ, मग लांब, मग मोरीकडून, मग कुठेच नाही, मग एकदम कानात.

"काका, माइक एका जागी असतो," ऑस्टिन सर म्हणाले.

"त त्याले हालवा ना."

"तसं नसतं काका. स्टेजवर माणसाने जागेवर राहायचं असतं."

मराठीत गंमत आहे. गाण्याची ती चाल आणि पायांची ती पण चाल. माझ्या डोक्यात दोन्हींचा कप्पा एकच निघाला. पायांची बसवली की गाण्याचीही खाली बसायची. मुक्कामच.

पुढच्या वर्षभरात आमचे दोन छोटे कार्यक्रम झाले. एका वाढदिवसात मी वाजवत वाजवत स्वयंपाकघरात गेलो. दुसऱ्यात स्टेजमागच्या पडद्यात गुंडाळला गेलो आणि गुड्डूने मला ताशाच्या काडीने सोडवलं. आणि तिसरा कार्यक्रम ठरला तो मोठा. शहरातलं सभागृह, तिकिटं, आणि पहिल्या रांगेत परांजपेसाहेब. थंडीत होणाऱ्या एका मोठ्या संगीत-मेळ्यासाठी बँड निवडायला ते गावोगाव फिरत होते. मीनलने त्यांना वर्षभर फोन करून करून यायला लावलं होतं. ते आवडलं म्हणाले तर 'संत्राबर्फी' शेडमधून बाहेर पडणार होती.

तालमीनंतर ऑस्टिन सर मीनलला शेडबाहेर हळू आवाजात म्हणाले ते मी ऐकलं. हळू बोलणाऱ्यांचं ऐकणं हा माझा जुना गुण. "काका भारी वाजवतात, मान्य. पण ते त्या दिवशी भटकले तर संपलं सगळं. पुण्याचा एक सॅक्सोफोनवाला तयार आहे. उभा राहतो, नोटेशन वाचतो."

मीनल आत आली आणि सरळ मला म्हणाली, "काका, हा कार्यक्रम तुम्हीच वाजवणार. पण जागा सोडलीत तर पुढचं मला सांभाळता येणार नाही."

"नाई सोडत," मी म्हणालो. घरी जाताना मात्र डोक्यात तेच. पुण्याच्या माणसाचा राग नव्हता. तो उभा राहू शकत होता, ही काही त्याची चूक नाही. पण किलारनेट पुन्हा पेटीत जाणार, आणि या वेळी सुमनने स्वतः झाकण उघडून दिलं तरी मला ते बाहेर काढवणार नाही, हे मला कळत होतं. लग्नाचा बँड गेला तेव्हा मी म्हणालो होतो, जमाना बदलला. हा बँड गेला तर जमान्याला नाव ठेवता येणार नव्हतं.

उपाय सुमनने काढला. पुढच्या तालमीला ती घरचं पायपुसणं घेऊन आली. त्यावर 'सुस्वागतम्' असं विणलेलं. "याच्यावर उभे राहा."

"काहून?"

"उभे त राहा."

राहिलो. वाजवलं. पाय हलले नाहीत! कारण साधं होतं. लग्न झाल्यापासून मी रोज घरी आलो की त्या दारातल्या पायपुसण्यावर थांबतो. सुमन पायाकडे पाहते आणि "या" म्हणते, तोवर पाऊल पुढे टाकायची माझी हिंमत नाही. पायांनी मेंदूला विचारलं नाही, थेट सुमनला विचारलं. चाल मात्र पायांसकट जरा अवघडली होती. सूर स्वच्छ येत होता, इस्त्री केल्यासारखा. ऑस्टिन सर खूश होते. मीनल "छान काका" म्हणाली, आणि ते 'छान' मला कुठेतरी बारीक टोचलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलेलं. आपले नागपूरचे श्रोते कसे, तुम्हाला माहीत आहे. हाताची घडी घालून बसणार, म्हणजे "दाखवा, काय दाखवता." पहिल्या रांगेत परांजपेसाहेब. पांढरा सदरा, हातात घडी घातलेला केशरी रुमाल. त्यांच्या मागच्या रांगेत मांडीवर बर्फीचा डबा घेऊन सुमन. मी 'सुस्वागतम्'वर उभा.

एकामागून एक सगळं नीट झालं. गुड्डूच्या ताशाला टाळ्या पडल्या. ऑस्टिन सरांनी एकट्याने वाजवलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. तेवढंच चालायचं समाधान. माझं सगळं इस्त्रीचं, घडी न मोडता. परांजपेसाहेबांचा चेहराही तसाच. शेवटची चीज उरली, ती परक्या लग्नातली वरातीची चाल. हळू सुरू होते आणि मग पळत सुटते. निम्म्यापर्यंत मी पायांना सुमनची आठवण देत होतो. आणि तेवढ्यात परांजपेसाहेबांना उकडलं असावं. त्यांनी रुमाल झटकून उघडला आणि डोक्यावरून वारा घ्यायला फडफडवला.

पुढचं मी केलं असं मी म्हणू शकत नाही. ते झालं. डोळ्यांना नुसती फडफड दिसली आणि पाय सुस्वागतम् सोडून निघाले. माइक मागे राहिला. बाजूच्या पायऱ्या मी वाजवत उतरलो, परांजपेसाहेबांपुढे गेलो, झुकलो, वरचा सूर धरला, आणि दोन बोटांत त्यांचा रुमाल काढून घेतला.

आधी पहिल्या रांगेत कोणीतरी खिदळलं. मग हशा असा फुटला की मला वाटलं छत गेलं. मागून ऑस्टिन सरांचा आवाज : "गेले काका." आणि सुमनचा : "अवो! कुठी चालले जी!"

आता मागे वळावं तर तोंड कुठे लपवू? बुडालोच आहोत तर निदान वाजवत बुडू. मी चालत राहिलो, डाव्या पावलावर श्वास, उजव्यावर सूर. आणि चाल सुटली! इस्त्री मोडली, घड्या विस्कटल्या, शेडमधल्या पहिल्या दिवशी निघाला होता तो सूर निघाला. मागे वळून पाहतो तर अ‍ॅकॉर्डियन छातीवर बांधून मीनल पायऱ्या उतरत होती. वेडीच. तिच्यामागे गळ्यात ताशा अडकवून गुड्डू. स्टेजवर डबल बासचं ते धूड घेऊन एकटे ऑस्टिन सर, चेहरा घोडी पळून गेलेल्या नवरदेवासारखा. पण वाजवत होते, आणि पहिल्यांदाच न मोजता.

हाताच्या घड्या सुटल्या. मधल्या वाटेवर एक आजोबा उठले, त्यांनी कमरेवर हात ठेवून एक गिरकी घेतली आणि गुडघा धरून परत बसले. मग त्यांची सून उठली. मग सगळी रांगच. परक्या गावच्या त्या चालीवर आपली माणसं गणपतीत नाचतात तशी नाचायला लागली. आणि मी, सवयीने, सगळ्यांच्या पुढे, दाराकडे. दार म्हणजे आमची हद्द. तिथवर पोचवायचं आणि बाजूला व्हायचं. सभागृहाचं दार आलं, माझा एक पाय बाहेर पडला. चाल संपत आली होती. मनात आलं, असंच निघून जावं, थेट घरी.

"अहो, थांबा!"

परांजपेसाहेब. धापा टाकत, नाचणाऱ्यांतून वाट काढत आलेले.

"थांबा! माझा रुमाल!" मग श्वास घेऊन म्हणाले, "आणि ते जे आता वाजवलंत ना, ते पुन्हा वाजवा. घाई करू नका. इथेच थांबून वाजवा."

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण मी आयुष्यभर पुढे चला, पुढे चला ऐकत आलेला माणूस. वाजवत असताना मला थांबा असं कोणी म्हटलं नव्हतं. घोडीनेसुद्धा नाही. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. पायपुसणं स्टेजवर, सुमन लांब. किलारनेट ओठाला लावलं आणि तीच चाल हळू घेतली. पाय आपसूक जागच्या जागी राहिले. सगळे उभे राहून ऐकत होते. मध्येच सूर मोडला, वर गेला आणि तुटून खाली आला.

निवड झाली. परांजपेसाहेब म्हणाले, "आमच्याकडे स्टेज आहे, पण स्टेजपर्यंत चांगला लांब रस्ताही आहे. तिथून सुरुवात करा." ऑस्टिन सरांनी आता त्या धुडाला चाकं लावून घेतली आहेत. मोजूनच लावली. रुमाल मात्र साहेबांनी परत घेतला नाही, तो मी किलारनेट पुसायला वापरतो.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मीनल सुमनजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू, आजचा हुंदका काटोलपेक्षाही भारी होता. बर्फी केव्हा दिली तुम्ही त्यांना? मला दिसलंच नाही."

सुमनने मांडीवरचा डबा तिच्यापुढे धरला. झाकणाला बांधलेला दोरा तसाच होता.

"डबा त मी सोडलाच नाई वं," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "पाहून काय राहिले जी? पाय पुसा अन् या इकडे. आता खा."